मुके वाटाडे

रत्नागिरीच्या एस. टी. स्थानकावर चौकशीच्या खिडकीपाशी कोणी तासभर उभे राहिले, तर त्याच्या कानी निरनिराळे प्रश्न फार थोडे पडतात. 'पावसची गाडी कधी?' 'कोल्हापूरची कोठे लागते?' 'गणपतीपुळ्याची गेली का हो?' 'ही जयगडलाच जाते ना?' विचारणारे शेकडो; परंतु प्रश्न चारच. कोठली गाडी, किती वाजता, कोणत्या फलाटावरून आणि कोणत्या वाटेने. खिडकीमागचा वाहतूक नियंत्रक त्यांची उत्तरे दिवसभर देत असतो. घसा कोरडा पडेपर्यंत दिली, तरी प्रश्न संपत नाहीत. कारण दर गाडीबरोबर नवी माणसे येतात आणि तेच प्रश्न घेऊन येतात.

या प्रश्नांची उत्तरे प्रवाशास न विचारताच मिळावीत, अशी योजना करता येते. गाडीच्या कपाळावरील पाटी, भिंतीवरील वेळापत्रक, फलाटाचा क्रमांक, रस्त्याच्या कडेचा दगड, चौकटीत लावलेला नकाशा, हे सारे मुके वाटाडे होत. ते थकत नाहीत, रागावत नाहीत, आणि एकाच वेळी शंभर जणांस उत्तर देतात. मात्र ते चांगले घडविलेले असावे लागतात. वाईट वाटाड्या नसलेल्या वाटाड्यापेक्षा घातक. वाटाड्या नसला, तर माणूस चार ठिकाणी विचारून तरी पुढे जातो. चुकीच्या पाटीवर विश्वास ठेवला, तर तो निःशंक मनाने भलत्याच गाडीत जाऊन बसतो.

अशा चुकीची किंमत सर्वांस सारखी पडत नाही. खिशात पैसे असलेला गृहस्थ रिक्षा करून घरी जातो. परंतु खाडीपलीकडच्या वाडीतून जिल्हा रुग्णालयात औषधास आलेली म्हातारी, किंवा परीक्षेसाठी तालुक्याच्या गावी आलेली शाळकरी मुलगी, यांच्यापाशी परतीच्या भाड्यापुरतेच पैसे असतात आणि त्यांच्या गावास जाणारी गाडी दिवसातून दोन किंवा तीन वेळाच असते. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली, तर रात्र स्थानकाच्या बाकावर काढावी लागते. ज्यांस वाचता येते, ज्यांच्यापाशी घड्याळ व दूरध्वनी आहे, त्यांच्यापेक्षा ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्यांस पाटीची गरज अधिक असते. पाटी लिहिणाऱ्याने ती म्हातारी डोळ्यांसमोर ठेवावी, हे बरे.

कोकणच्या प्रवाशास ही सोय फार पूर्वीपासून होती असे नाही. आगबोटींच्या काळी मुंबईहून निघालेली बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यातच उभी राही आणि उतारूंस पडावात बसवून किनाऱ्यास आणीत. बोट केव्हा येणार, हे समुद्राच्या मनावर असे. किनाऱ्यावरील माणसे क्षितिजाकडे डोळे लावून बसत. धूर दिसला की तीच सूचना. पावसाळ्यात तर हा मार्गच बंद पडे. जूनच्या आरंभी शेवटची बोट गेली, म्हणजे पुढील तीन महिने मुंबईस जावयाचे तर घाट चढून देशावर उतरण्यावाचून सोपा उपाय नसे.

पुढे रस्त्यांवरून सरकारी मोटारगाड्या धावू लागल्या. मुंबई राज्याच्या एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास गेली. त्यानंतरच्या वर्षांत या गाड्या कोकणातील आडगावांपर्यंत पोहोचल्या. खाजगी मोटारवाला उतारू भरले म्हणजे गाडी सोडी. सरकारी गाडीने वेळेवर सुटावयाचे असे ठरले. वेळेवर सुटावयाचे म्हटले, की ती वेळ कोठेतरी लिहून ठेवणे आलेच. भाडेही वाहकाच्या मर्जीवर राहिले नाही. मार्गाचे सहा-सहा किलोमीटरांचे टप्पे पाडण्यात येऊन टप्प्यांच्या संख्येवर भाडे ठरू लागले. गाव किती दूर आहे, हे सांगण्याची कोकणी माणसाची जुनी रीत निराळी होती. 'एक घाटी चढलात की आलेच,' असे तो म्हणे, आणि त्या 'आलेच'मध्ये दोन कोसही मावत. टप्प्याच्या हिशेबात तसली सवलत नाही.

एस. टी.ची पाटी दिसावयास साधी. वर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली 'मार्गे' या शब्दापुढे वाटेतील दोन-तीन गावे. परंतु त्या 'मार्गे'त फार मोठा अर्थ साठविलेला असतो. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारी गाडी हातखंब्यावरून पालीस येते, तेथे मुंबई-गोवा महामार्ग सोडते, आणि नाणीज, साखरपा घेत आंबा घाटाने मलकापुरास चढते. साखरप्यास उतरणाऱ्या माणसास 'कोल्हापूर' या अक्षरांचा काही उपयोग नाही. त्याचे गाव शेवटचे नव्हे, वाटेवरचे आहे. 'मार्गे साखरपा' एवढे दोन शब्द दिसले, की त्याचा जीव भांड्यात पडतो. गाडीत चढणारे पुष्कळसे लोक मध्येच उतरणारे असतात, ही गोष्ट पाटी रंगविताना विसरून चालत नाही.

गावांची नावेही फसवी. वर आलेली पाली रत्नागिरी तालुक्यातील. पण रायगड जिल्ह्यातही एक पाली आहे, बल्लाळेश्वराची. खेड रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तसे पुणे जिल्ह्यातही आहे. मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यात आहे, कराडजवळ आहे आणि दूर विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातही आहे. गोरेगाव म्हटले की मुंबईकरास आपले उपनगर आठवते, तर माणगावकरास आपल्या शेजारचे गाव. म्हणून शहाणा पाटीलेखक नुसते 'पाली' असे लिहून थांबत नाही. तालुका, जिल्हा किंवा वाटेवरचे ओळखीचे गाव, यांपैकी काहीतरी जोडीस देतो. त्यातून रत्नागिरी शहरात मध्यवर्ती स्थानक एक, आणि रहाटाघरचे स्थानक दुसरे. गाडीचे नाव व वेळ पाठ असूनही माणूस भलत्या स्थानकावर उभा राहू शकतो. तेव्हा 'कोठून' हेही लिहावेच लागते.

पाटी एका गाडीपुरती असते. वेळापत्रक साऱ्या गाड्यांचे. ते तयार करणे हे वरवर पाहता नुसते कोष्टक आखण्याचे काम वाटते. आडव्या ओळी, उभे रकाने, त्यांत आकडे. परंतु वाचणारा कोणत्या बाजूने येतो, याचा विचार न केल्यास तेच कोष्टक जंगल होते. कार्यालयातील अधिकाऱ्यास गाड्या सुटण्याच्या क्रमाने लावलेल्या हव्या असतात. पहाटे पाचची, सव्वापाचची, साडेपाचची, याप्रमाणे. प्रवासी तसा शोध घेत नाही. त्याच्या मनात प्रथम गाव असते, मग वेळ. त्यास देवरूख हवे असेल, तर 'देवरूख' हे नाव पाहून त्यापुढे सगळ्या वेळा एका ओळीत मिळाल्या पाहिजेत. कार्यालयाच्या सोयीचे कोष्टक आणि प्रवाशाच्या सोयीचे कोष्टक ही दोन निराळी कोष्टके आहेत, आणि भिंतीवर पुष्कळदा पहिलेच टांगलेले आढळते.

रेल्वेच्या वेळापत्रकात आणखी एक खाच आहे. तेथे दिवसाचे तास शून्यापासून तेवीसपर्यंत मोजतात. दुपारचे तीन म्हणजे १५.००, रात्रीचे साडेनऊ म्हणजे २१.३०. यात सकाळ-संध्याकाळचा घोटाळा होत नाही, हा मोठा लाभ. परंतु मध्यरात्र झाली की तारीख बदलते, हे ध्यानात ठेवावे लागते. समजा, तिकिटावर '१५ तारीख, ००.३५' असे आहे. माणूस १५ तारखेस दिवसभर बांधाबांध करतो, रात्रीचे जेवण उरकतो, पोरेबाळे घेऊन आरामात स्थानकावर येतो, आणि त्यास कळते की गाडी काल रात्रीच गेली! लोकांच्या बोलण्यात ती १४ तारखेची रात्र. घड्याळाच्या हिशेबात मात्र १५ तारीख उजाडून पस्तीस मिनिटे झालेली. आकडा अचूक होता, तरी माणूस चुकला. अशा गाड्यांसमोर '१४ व १५ यांमधील रात्र' असे चार शब्द अधिक छापले, तर काही बिघडत नाही. खरी माहिती देणे आणि समजेल अशी माहिती देणे यांत एवढे अंतर पडते.

साऱ्या देशाचे एकच घड्याळ असणे, हीही वेळापत्रकाचीच गरज. १९०६ साली ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील वेळ ही भारताची प्रमाणवेळ ठरली. रत्नागिरी त्या रेखेच्या बरीच पश्चिमेस असल्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ३७ मिनिटे मागे चालतो. जुन्या काळी गावोगावच्या सूर्याप्रमाणे गावोगावची वेळ असे. तशा वेळांवर आगगाडी चालविली असती, तर दर स्थानकावर उतारूंस घड्याळाचे काटे फिरवावे लागले असते.

कोकणात आगगाडी आली ती उशिरा. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली, आणि रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सलग सुरू झाला. रत्नागिरीच्या उत्तरेस करबुडे येथे डोंगराच्या पोटातून सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा गेला आहे. या मार्गाचे एक वैशिष्ट्य असे, की त्याचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते. पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका असल्यामुळे गाड्या सावकाश चालवितात. मुसळधार पाऊस पडून पुढचे दिसेनासे झाले, तर वेग ताशी ४० किलोमीटरांवर आणण्याची चालकांस आज्ञा असते. २००३ च्या जून महिन्यात वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळून भीषण अपघात झाला होता. त्यामागील धोका या सावधगिरीने टाळावयाचा असतो. पुष्कळ वर्षे हे पावसाळी वेळापत्रक १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे ठेवण्यात आले. ज्याने घरच्या भिंतीवर उन्हाळ्यातील कागद चिकटविला आणि तो काढण्यास विसरला, त्याची गाडी जुलैत हमखास चुकते. कारण पावसाळ्यात काही गाड्या उशिरा पोहोचतात एवढेच नव्हे, तर काही आपल्या ठिकाणाहून लवकर निघतात.

गाड्यांस नावे देण्याची पद्धतही माहिती देण्याच्याच कामी येते. दादरहून सावंतवाडीस जाणाऱ्या गाडीस २०१७ साली 'तुतारी एक्सप्रेस' हे नाव मिळाले. 'तुतारी' ही केशवसुतांची कविता. केशवसुत मूळचे रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे. ११००३ हा आकडा लक्षात ठेवणे कठीण, 'तुतारी' लक्षात ठेवणे सोपे. मांडवी, कोकणकन्या ही नावेही लोकांच्या तोंडी चटकन बसली. यंत्रास आकडा हवा, माणसास नाव हवे. म्हणून फलकावर दोन्ही लिहितात.

स्थानकांच्या नावांत मात्र एक छोटा शब्द दडलेला आहे, आणि तो ज्यास कळला नाही तो पस्तावतो. राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. यांतील 'रोड' म्हणजे काय? गाव येथे नाही. गावाकडे जाणारा रस्ता येथून निघतो, असा त्याचा अर्थ. राजापूर रोड स्थानकावर रात्री उतरून 'राजापूर कोठे?' असे विचारणाऱ्यास उत्तर मिळते, 'बरेच पुढे!' तेथून शहरापर्यंतचा प्रवास निराळा करावा लागतो. रत्नागिरी स्थानकाच्या नावात 'रोड' नाही, तरी तेही शहराच्या पूर्वेस काही किलोमीटरांवर, कोल्हापूरकडील रस्त्याच्या अंगास आहे. आगगाडी कोठे थांबते एवढे सांगून प्रवाशाचे काम होत नाही. त्यास घरापर्यंत जावयाचे असते. आगगाडीचा नकाशा जेथे संपतो, तेथून एस. टी.चा नकाशा सुरू झाला पाहिजे. आणि ही दोन खाती निराळी असल्यामुळे नेमकी तीच जागा बहुधा कोरी राहते.

आता नकाशाकडे वळावे. भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा आणि प्रवाशाचा नकाशा यांत फरक आहे. भूगोलाच्या नकाशात प्रत्येक गाव आपल्या नेमक्या जागी असावे लागते. अंतरे प्रमाणात असावी लागतात. प्रवाशासही हेच हवे, असे पूर्वी सर्वांस वाटे. लंडन शहरात भुयारी रेल्वेचे जाळे वाढत गेले, तेव्हा तिचे नकाशे याच पद्धतीने काढीत. परिणाम असा झाला, की शहराच्या मध्यभागी स्थानकांची दाटी होऊन नावे एकमेकांवर चढू लागली, तर उपनगरांकडे नुसता कोरा कागद राहू लागला.

तेथे हॅरी बेक नावाचा एक तरुण आरेखक होता. विजेच्या जोडण्यांच्या आकृत्या काढण्याची त्यास सवय होती. तशा आकृतीत तार प्रत्यक्षात किती लांब आहे, हे कोणी पाहत नाही. कोणते टोक कोणत्या टोकास जोडले आहे, एवढेच पाहतात. भुयारातून जाणाऱ्या उतारूस तरी वरची गल्ली कोठे वळते याच्याशी काय कर्तव्य? त्यास कोठे चढावे, कोठे गाडी बदलावी आणि कोठे उतरावे, एवढेच कळले पाहिजे. १९३१ मध्ये बेकने नवा नकाशा काढला. सगळे मार्ग उभे, आडवे किंवा तिरपे, पण सरळ; प्रत्येक मार्गास निराळा रंग; स्थानके जवळजवळ सारख्या अंतरावर; आणि भूभागापैकी केवळ थेम्स नदी तेवढी ठेवलेली. वरिष्ठांस तो पसंत पडला नाही. हा कसला नकाशा, असे त्यांस वाटले. पुढे १९३३ मध्ये तो छापून लोकांच्या हाती दिला, तेव्हा लोकांनी तो आनंदाने उचलला. पुढे जगातील कित्येक शहरांनी तीच रीत घेतली.

आपल्याकडेही हा विचार पोहोचला आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये औद्योगिक अभिकल्पाचे शिक्षण देणारे केंद्र १९६९ पासून आहे. तेथील प्राध्यापक मंदार राणे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मुंबईच्या लोकल रेल्वेचा असाच नकाशा तयार केला. मुंबईची रोजची गर्दी ध्यानी घेतली, म्हणजे नवख्या माणसास दादर किंवा कुर्ला येथे मार्ग बदलण्यापूर्वी एका दृष्टिक्षेपात सारे समजणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

मग रत्नागिरी जिल्ह्याचाही नकाशा बेकच्या रीतीने काढावा काय? थोडा विचार करता असे दिसते, की ती रीत येथे अर्धीच चालेल. कोकण रेल्वे सरळ रेघेने दाखविता येईल. उत्तर-दक्षिण जाणारी ती एकच रेघ, तिच्यावर खेड, चिपळूण, संगमेश्वर रोड, रत्नागिरी, राजापूर रोड असे मणी ओवावे. परंतु लंडनचा उतारू जमिनीखाली असतो आणि त्यास एक नदी पुरते. कोकणचा उतारू खाड्यांच्या देशात राहतो. जयगडच्या धक्क्यावर उभे राहिले, की शास्त्री नदीच्या खाडीपलीकडे तवसाळचा किनारा दिसतो. माणसे दिसावीत इतका तो जवळ आहे. परंतु जयगड रत्नागिरी तालुक्यात आणि तवसाळ गुहागर तालुक्यात. रस्त्याने जावयाचे, तर खाडीच्या काठाने पूल सापडेपर्यंत आत जाऊन तितकेच पुन्हा बाहेर यावे लागते. फेरीबोट मिळाली तर माणूस आणि त्याची मोटार, दोघेही थोड्याच मिनिटांत पलीकडे जातात. दाभोळ आणि धोपावे यांचे तसेच. बाणकोटच्या खाडीवर वेसवी आणि बागमांडले यांचेही तसेच.

येथे नकाशात खाडी न दाखविणे म्हणजे फसवणूक होईल. अंतर जवळचे दिसेल आणि वाट दूरची निघेल. उलट, नुसती खाडी दाखवून फेरीबोट न दाखविली, तरी प्रवासी उगाच अर्धा जिल्हा फिरून येईल. फेरीबोटीची रेघ तुटक काढावी, तिच्याजवळ छोट्या बोटीचे चित्र काढावे, आणि तिच्या पहिल्या व शेवटच्या फेरीची वेळ तेथेच लिहावी. कारण पूल रात्री बंद होत नाही, बोट बंद होते. घाटांचेही असेच आहे. आंबा किंवा कुंभार्ली घाट ही कागदावर बोटभर रेघ. पण त्या बोटभर रेघेस गाडीला लागणारा वेळ सपाटीवरील हातभर रेघेइतका असतो. तेव्हा अशा प्रदेशाच्या नकाशावर किलोमीटरांपेक्षा वेळ लिहिणे अधिक उपयोगाचे. कोणत्या गोष्टी गाळाव्या आणि कोणत्या ठेवाव्या, हे लंडनला विचारून ठरत नाही. ते जयगडच्या धक्क्यावर उभे राहून ठरवावे लागते.

ज्यास वाचता येत नाही, त्याचे काय? मेक्सिको शहरात १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा प्रत्येक स्थानकास एक चित्र देण्यात आले. लान्स वायमन या कलावंताने व त्याच्या सहकाऱ्यांनी ती चित्रे योजिली. चापुल्तेपेक या नावाचा तेथील जुन्या भाषेतील अर्थ 'नाकतोड्याची टेकडी'. म्हणून त्या स्थानकाचे चिन्ह नाकतोडा. आजीने नातवास 'नाकतोड्यापाशी उतर' असे सांगितले, की झाले. ही कल्पना आपल्याकडे आणावयाची, तर रत्नदुर्गावरील दीपगृहाचे चित्र रत्नागिरीस शोभेल. हापूस आंबा पहिल्यांदा सुचतो खरा, परंतु त्यावर देवगडकर हक्क सांगितल्यावाचून राहणार नाहीत, आणि दोन गावांस एकच चिन्ह दिले तर चिन्हाचा उपयोगच संपला!

अक्षरे आणि रंग यांनाही आपली भाषा असते. रेल्वे स्थानकावरील नावाचा फलक पिवळा आणि अक्षरे काळी. कारण ही जोडी लांबून, धुक्यातून, मंद प्रकाशातही उठून दिसते. महाराष्ट्रात त्यावर मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत नाव असते. रस्त्याच्या कडेच्या दगडाचा माथा पिवळा असला तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग. गाडी चालत असता एवढा रंग दिसला, तरी जाणत्यास वाट कळते. परंतु काही माणसांस तांबडा व हिरवा यांतील भेद दिसत नाही. म्हणून नकाशावर मार्ग केवळ रंगाने दाखवून भागत नाही, त्यास क्रमांक किंवा नावही द्यावे लागते. अंध प्रवाशास तर पाटीही मुकीच राहते. त्याच्यासाठी ध्वनिक्षेपकावरून होणारी घोषणा हीच पाटी. आणि ती स्पष्ट, सावकाश आणि दोनदा झाली पाहिजे.

असे फलक व नकाशे घडविणारा माणूस चित्र काढण्यापूर्वी स्थानकावर जाऊन उभा राहतो. लोक काय विचारतात ते वहीत टिपतो. कोणत्या कोपऱ्यावर माणसे घुटमळतात, कोठून मागे फिरतात, ते पाहतो. मग कच्चा नकाशा काढून तो अनोळखी माणसाच्या हाती देतो आणि म्हणतो, 'येथून गुहागरास कसे जाल, ते बोटाने दाखवा.' बोट जेथे अडखळते, तेथे नकाशा चुकला असे तो समजतो; माणूस चुकला असे म्हणत नाही. जुन्या फलकावरून पुष्कळ शिकता येते. 'आपण येथे आहात' या खुणेवरील रंग असंख्य बोटांनी पुसलेला दिसतो. जेथे ती खूण काढावयाचीच राहून गेली, तेथेही त्या जागी पांढरा डाग पडतो. कारण प्रत्येक जण प्रथम स्वतःस शोधतो.

अलीकडे भ्रमणध्वनीवर गाडी कोठवर आली, हे पाहता येते, आणि हे साधन फार उपयोगी आहे यात संशय नाही. तथापि त्याची वीज संपते, डोंगराच्या कुशीत त्यास रेडिओलहरी मिळत नाहीत, आणि सर्वांपाशी ते नसते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीस महापूर आला आणि चिपळूण शहर पाण्याखाली गेले. चिपळूण आणि कामथे यांमधील रेल्वेमार्ग बंद झाला. लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेतील स्थानकांवर उभ्या राहिल्या आणि त्यांत हजारो प्रवासी अडकले. चिपळुणात वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. अशा दिवशी छापील वेळापत्रकातील एकही आकडा खरा राहत नाही. तेव्हा साधा फळा आणि खडू हाच वाटाड्या होतो. त्या फळ्यावर पहिली ओळ लिहावयाची ती वेळेची : ही सूचना किती वाजता लिहिली. दुसरी, गाडी कोठे आणि कशामुळे थांबली आहे. तिसरी, पाणी व अन्न कोठे मिळेल. आणि शेवटची, पुढची सूचना किती वाजता लिहिली जाईल. तेवढी वेळ ठाऊक असली, म्हणजे लेकरू मांडीवर घेऊन बसलेली आई त्या वेळेपर्यंत डब्यात डोळे मिटून पडू शकते.